लेकराला घेऊन मार्कंड्याला: देऊळ आणि नदी, एका दिवसात

चंद्रपूरहून महाराष्ट्राचा समुद्र गाठायचा म्हणजे अख्खं राज्य आडवं ओलांडायचं. दीड-दोन वर्षांच्या लेकराला घेऊन ते एका दिवसात होत नाही, आणि त्याची गरजही नाही. या वयाच्या लेकराला ढीगभर रेती, घोट्याएवढं पाणी आणि वाजवायला एक घंटा मिळाली की बस. मार्कंड्याला हे तिन्ही एकाच जागी आहे. वैनगंगेच्या काठावर देवळांचा समूह आहे आणि तिथून घाट उतरला की नदी.

खालची कृती एक ते तीन वर्षांच्या लेकरासाठी, चंद्रपूरहून सकाळी निघून दिवस मावळायच्या आत परतायची आहे. क्रम मात्र मोडू नका: आधी देऊळ, मग नदी, मग जेवण, मग गाडीत झोप. नदी आधी घेतलीत तर ओलं, रेतीने माखलेलं, झोपेला आलेलं लेकरू कडेवर घेऊन दर्शनाला उभं राहावं लागेल. चला, एकेक करत जाऊ.

आठ दिवस आधी

१. दिवस ठरवा. नोव्हेंबर ते फेब्रुवारीतला आठवड्याचा मधला वार घ्या, सोमवार टाळून. महाशिवरात्रीला इथे मोठी यात्रा भरते. त्या गर्दीत एवढ्या लहान जिवाला नेऊ नका. मार्च लागला की हा बेत पुढच्या हिवाळ्यावर ढकला. उन्हाळ्यात चंद्रपूरचा पारा ४५ अंशांच्या वर जातो आणि नदीच्या रेतीवर मोठ्यांचेही पाय टेकत नाहीत.

२. नकाशात ‘मार्कंडा देव’ असं पूर्ण नाव टाकून जागा शोधा. चामोर्शी तालुक्यात मार्कंडा नावाची दोन गावं आहेत. दुसरं मार्कंडा कंसोबा, ते आष्टीकडे. नुसतं ‘मार्कंडा’ टाकून निघालात तर गाडी भलतीकडेच जाईल.

३. तो नकाशा फोनमध्ये उतरवून ठेवा. वाटेत जंगलाचा पट्टा आहे, तिथे रेंज जाते.

४. गाडी नक्की करा. चारचाकी सगळ्यात बरी. दुचाकीवर एवढ्या लांब लेकराला नेऊच नका. चार वर्षांखालच्या मुलाला हेल्मेट आणि हार्नेस लागतो आणि वेग ताशी ४० किलोमीटरच्या वर नेता येत नाही. त्या वेगाने जाता-येता लेकरू पार थकून जाईल. एसटीने जायचं असेल तर चामोर्शीपर्यंत एसटी आणि पुढे ऑटो. लेकराला तिकीट नाही आणि बायकांना निम्मं भाडं, म्हणजे खर्च अगदी थोडा. फक्त परतीच्या गाडीची वेळ उतरल्या उतरल्या विचारून घ्या.

५. लेकराची सीट गाडीच्या मागच्या बाकावर घट्ट बांधा. सीट हलवून बघा. बोटभरापेक्षा जास्त सरकली तर पट्टा पुन्हा ओढा.

६. दोन-तीन दिवस गावातल्या गावात त्या सीटवर बसवून फिरवून आणा. सवय नसेल तर पहिल्या दहा मिनिटांत रडारड होते, मग कुणीतरी मांडीवर घेऊन पुढे बसतं. तसं बसू नका, अगदी आजीच्या मांडीवरही नको.

आदल्या दिवशी

७. लेकराची तब्येत बघा. अंग कोमट लागतंय, शी पातळ होतेय किंवा नाक गच्च आहे, तर दिवस बदला. देव तिथेच आहे, नदीही तिथेच.

८. कामं वाटून घ्या. एक जण ‘पाण्याचा माणूस’. नदीवर त्याची नजर फक्त लेकरावर, आणि त्याचा फोन दुसऱ्याच्या खिशात. एक जण गाडीचा, एक जण खाण्याचा. ‘सगळेच बघतील’ असं ठेवलंत की कुणीच बघत नाही. काठावर अपघात याच वाक्यातून होतात. हे आजच, घरी बसून, नावं घेऊन ठरवा.

९. नदीची पिशवी भरा: दोन वाट्या, एक पळी, एक रिकामा प्लास्टिकचा डबा, मोठी सतरंजी, दोन सुती पंचे, रुंद काठाची टोपी. नवी खेळणी घेऊ नका. स्वयंपाकघरातली पळी त्याला जास्त आवडते.

१०. कपड्यांची पिशवी भरा. पूर्ण बाह्यांचे सुती कपड्यांचे तीन जोड, एक स्वेटर, कानटोपी, मोजे, आणि लागतील त्याच्या दुप्पट डायपर. प्रत्येक जोड वेगळ्या पिशवीत गुंडाळा, म्हणजे ऐनवेळी सगळी पिशवी उपसावी लागणार नाही.

११. औषधांची पुडी बांधा. तुमच्या डॉक्टरांनी दिलेलं तापाचं औषध, ओआरएसच्या दोन पुड्या, पट्टी, आणि लेकराच्या वयाला चालणारं डासांचं मलम. मलम हाताच्या पंजांना लावायचं नाही, कारण हात तोंडात जातात. ओआरएसची मोठी पुडी एक लिटर पाण्यात एकदम विरघळवायची असते, चिमूटचिमूट नाही. म्हणून लिटरची एक रिकामी बाटली सोबत घ्या.

१२. संध्याकाळी दशम्या करा. अर्धी वाटी कोमट दुधात दोन चमचे किसलेला गूळ विरघळवा, त्यात मावेल तेवढी कणीक आणि चमचाभर तूप घालून मळा, जाडसर लाटा, तुपावर मंद भाजा. आच मोठी केलीत तर गूळ करपतो आणि दशमी कडक होते. लेकराला ती चावत नाही.

१३. गाडीत पेट्रोल भरा, हवा तपासा. हे सकाळवर ठेवलं की अर्धा तास तिथेच जातो.

१४. लेकराला रोजच्या वेळेला झोपवा. उद्याच्या गमतीचं आज फार बोलू नका, नाहीतर अकरापर्यंत घरभर नाचेल.

निघायच्या सकाळी

१५. साडेपाचला खिचडी लावा. वाटीभर तांदूळ, पाऊण वाटी मूगडाळ, हळद, मीठ, सहा वाट्या पाणी. घरात एचएमटी तांदूळ असेल तर पाणी आणखी थोडं वाढवा, थर्मासमध्ये ती घट्ट होत जाते. तिखट अजिबात नको. मोठ्यांसाठी लोणचं वेगळं घ्या. रात्रीचा भात वापरायचा मोह टाळा, दुपारपर्यंत तो पोट बिघडवतो.

१६. थर्मासमध्ये उकळतं पाणी ओतून झाकण लावा आणि पाच मिनिटं ठेवा. ही पायरी गाळलीत तर खिचडी अकरापर्यंत कोमट होते.

१७. पाणी ओता आणि लगेच वाफाळती खिचडी गळ्यापर्यंत भरा. अर्धवट भरलेला थर्मास लवकर निवतो. वरून तुपाची धार सोडा.

१८. उकळून गार केलेलं पाणी भरून घ्या, लागेल त्याहून दोन बाटल्या जास्त. वाटेत हातपंपाचं किंवा नदीचं पाणी लेकराला पाजायचं नाही.

१९. लेकराला थोडंसं खायला द्या: अर्धं केळं किंवा दशमीचा तुकडा. पोटभर दूध पाजून गाडीत बसवलंत तर वाटेतलं मूल गाव येण्याच्या आधीच उलटी होईल.

२०. कपडे थरांनी घाला: आत सुती, वर स्वेटर, डोक्याला कानटोपी. आपल्याकडे हिवाळ्यात सकाळी हुडहुडी भरते आणि अकराला घाम येतो. एकच जाड कपडा घातलात तर मध्ये काही करता येत नाही.

२१. चांगलं उजाडल्यावर, सातच्या सुमाराला निघा. लवकर पोचायच्या हौसेने अंधारात निघू नका. धानाच्या बांध्यांवर धुकं असतं आणि रस्त्यावर जनावरं.

रस्त्यात

२२. मूलचा रस्ता धरा आणि चिचपल्ली, केळझरच्या जंगलात वेग कमी ठेवा. चितळ, रानडुकरं अचानक आडवी येतात. एक चितळ ओलांडून गेलं की थांबूनच राहा, मागे कळप असतो. काचा बंद, आणि ‘बघ बघ’ म्हणून लेकराला खिडकीतून बाहेर काढायचं नाही.

२३. मूलच्या आधी जंगलात कुठेही उतरू नका. ही सूचना मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. हा वाघांचा मुलूख आहे. लेकराला शू लागली म्हणून झुडपाआड बसवणं, उलटी झाली म्हणून कडेला पुसत बसणं, यातलं काही करायचं नाही. काम गाडीच्या आत उरका. नाहीच जमलं तर पुढचं गाव येऊ द्या.

२४. मूलला गावात थांबा. डायपर बदला, लेकराला दहा मिनिटं पायांवर उभं राहू द्या. मोठ्यांनी गरम पोहे आणि चहा घ्या. तर्री लेकरापासून लांब ठेवा, एक थेंब डोळ्यात गेला तर सकाळ गेली.

२५. मूलहून हरणघाट-चामोर्शी रस्त्याला लागा. हरणघाटला वैनगंगेवरचा पूल ओलांडला की गडचिरोली जिल्हा सुरू होतो. पुलावर गाडी उभी करून नदी दाखवू नका, थोड्या वेळाने ती जवळूनच बघायची आहे. जे गडचिरोलीहून निघाले आहेत त्यांनी सरळ चामोर्शीचा रस्ता धरावा. त्या बाजूला लोहखनिजाचे मोठे ट्रक असतात. त्यांच्यामागे अंतर ठेवून चला, ओव्हरटेकची घाई करू नका.

२६. चामोर्शीत थांबून पाण्याची चौकशी करा. मार्कंड्याच्या वरच्या अंगाला चिचडोह बॅरेज आहे, त्याच्याही वर भंडारा जिल्ह्यात गोसीखुर्द धरण. दारं उघडली की आभाळ निरभ्र असतानाही खाली पाणी चढतं. पानठेल्यावर, फुलवाल्याकडे, दोन जणांना विचारा: “भाऊ, नदीला पाणी किती आहे? सोडलं तर नाही ना?” ‘सोडलंय’ किंवा ‘सोडणार आहे’ असं कुणी एकानेही सांगितलं तर आज देऊळ करा, नदी फक्त वरून बघा. इथे वाद घालायचा नाही.

२७. इथेच फुलं, बेलपान आणि केळी घ्या. सुटे पैसेही करून घ्या.

देवळात

२८. गाडीतून उतरायच्या आधी डायपर बदला. देवळाच्या आवारात त्यासाठी जागा शोधत फिरणं अवघड जातं.

२९. लेकराचे बूट, मोजे दोन्ही काढा. नुसत्या मोज्यांवर गुळगुळीत दगडावरून पाय सरकतो. सकाळी फरशी गार असते, म्हणून पहिली काही मिनिटं कडेवर घ्या.

३०. आत शिरताना वर बघा. जुन्या दगडी देवळांच्या शिखराखाली, छज्जाखाली मधमाश्यांचं मोहोळ असू शकतं. दिसलं तर त्याच्या खाली धूप, कापूर, उदबत्ती काहीच लावू नका आणि त्या बाजूने लेकराला नेऊ नका.

३१. पहिल्यांदा मार्कंडेश्वराचं दर्शन घ्या. लेकरू ताजं आहे तोवर हे काम करून टाकायचं. लहान देवळांपासून सुरुवात केलीत तर मुख्य देवाशी पोचेपर्यंत ते कंटाळतं.

३२. गाभाऱ्याकडे जाताना लेकराला छातीशी धरा आणि पाय चाचपत टाका. उंबरठा उंच असतो, आत अंधार असतो, अभिषेकाच्या पाण्याने दगड निसरडा झालेला असतो. अंधाराला घाबरून रडायला लागलं तर आत नेण्याचा हट्ट सोडा. एकाने बाहेर थांबावं, मग दुसऱ्याने जावं. बाहेरून जोडलेले इवलेसे हातही देवाला पोचतात.

३३. घंटा वाजवू द्या, पण दोनदाच, आणि कानावर तुमचा हात ठेवून. डोक्यावरच घंटा आणि खाली लेकरू असं उभं करू नका, लोलक हेलकावतो.

३४. प्रसाद आधी तुमच्या हातात घ्या आणि बघून द्या. केळं द्या, शिरा द्या. खोबऱ्याचा तुकडा, शेंगदाणे, फुटाणे देऊ नका, चारेक वर्षांपर्यंत हे घशात अडकतं. सोबत वर्षाच्या आतलं दुसरं बाळ असेल तर त्याला पंचामृताचं बोटही नको, त्यात मध असतो.

३५. आता भिंतींवरची शिल्पं दाखवा. इथे घाई करू नका, मला हा भाग सगळ्यात आवडतो. बाहेरच्या भिंतींवर दगडात ओळीने माणसं, देव, जनावरं कोरलेली आहेत. लेकराला एका वेळी एकच गोष्ट दाखवा. “हत्ती कुठे आहे?” विचारा आणि त्याला शोधू द्या. हत्ती सापडला की सोंडेचा हात करून दाखवा. मग नाचणारी बाई, तिच्यासारखा हात वर करा. मग नंदी: त्याचे कान, त्याचे डोळे, त्याची घंटा. ज्या शिल्पाशी ते थांबेल तिथे तुम्हीही थांबा. सगळी देवळं बघून व्हायलाच हवीत असं नाही. आणि तुम्ही मोठी माणसं, त्याच्या उंचीला खाली बसून एकदा बघा. खालच्या थरातलं कोरीवकाम उभ्याने कधीच नीट दिसत नाही.

३६. दाखवताना लेकराचा हात शिल्पाला लागणार नाही एवढं अंतर ठेवा. ही देवळं पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणात आहेत. शिल्पावर बसवून फोटो काढू नका, मूर्तीला कुंकू-तेल फासू नका. कुठे डागडुजीचं काम चालू असेल आणि पहाड बांधलेला असेल तर त्याच्या खालून जाऊ नका, सुटा दगड खाली येऊ शकतो.

३७. आवारात मोकळी जागा बघून लेकराला चालू द्या, एक बोट तुमच्या हातात. माकडं असतील तर हातातलं केळं आधी पिशवीत जाऊ द्या. लहान मुलाच्या हातातलं ती हमखास ओढतात.

३८. तासाच्या आत बाहेर पडा. डोळे चोळायला लागण्याआधी नदीवर पोचायचं आहे.

नदीवर

३९. घाट उतरताना लेकरू कडेवर आणि एक हात मोकळा ठेवा. पिशव्या दुसऱ्याकडे. शेवाळलेल्या पायरीवर दोन्ही हात गुंतलेला माणूस घसरतो.

४०. बसायची जागा निवडा. यावर पंधरा मिनिटं गेली तरी चालतील. इथे लोक अस्थिविसर्जनाला आणि पिंडदानाला येतात. तो भाग सोडून लांब बसा, त्यांचा विधी त्यांना निवांत करू द्या. धुण्याच्या आणि जनावरांना पाणी पाजायच्या जागेपासूनही दूर व्हा. हवी ती जागा अशी: रेती सपाट, पाणी स्थिर आणि तळ दिसणारं, काठ उतरता पण कडा नसलेला. काठ खड्या भिंतीसारखा तुटलेला दिसला तर तिथे खाली पाणी खोल असतं. जिथे रेती उपसली आहे तिथे तर मुळीच नको. वरून घोटाभर दिसणाऱ्या पाण्यात मोठ्या माणसाच्या डोक्यावर जाईल एवढा खड्डा असतो.

४१. पाण्याच्या माणसाने स्वतः आधी पाण्यात उतरावं. काठी टेकत टेकत दहा पावलं आत आणि दहा पावलं दोन्ही बाजूंना जा. काठी कुठे एकदम खाली गेली किंवा पाय रुतला, तर सगळ्यांनी सामान उचलून जागा बदला.

४२. बसायच्या जागेवरची रेती हाताने चाळा. फुटक्या बांगड्या, उदबत्तीच्या काड्या, टाचण्या, काचा काढून कागदात गुंडाळा. सतरंजीएवढी नाही, तिच्या चौपट जागा साफ करा. लेकरू सतरंजीवर बसणार नाही, हे तुम्हालाही माहीत आहे.

४३. रेतीत काठी रोवून पाण्याच्या कडेला खूण करा. पाणी खुणेच्या वर चढताना दिसलं की त्याच क्षणी लेकरू उचलून घाटावर चढा. सामान राहू द्या.

४४. पाण्याच्या माणसाला लेकरू आणि पाणी यांच्या मध्ये बसवा. मागे बसून लक्ष ठेवतो म्हणणारा माणूस हात पोचायच्या आत हरतो.

४५. स्वेटर काढा, टोपी घाला, डायपर काढून सुती चड्डी घाला. डायपर पाण्याने फुगून जड होतो आणि रेती आत घुसून मांड्या सोलतात.

४६. खेळ कोरड्या रेतीत सुरू करा. वाटी भरा, पालथी करा, पळीने उकरा. काही न शिकवता अर्धा तास जाईल. पहिली मूठ तोंडात जाणारच. ओल्या पंचाच्या टोकाने जीभ पुसा आणि पाणी पाजा. डोळ्यात गेली तर चोळू देऊ नका, बाटलीतल्या पाण्याची धार सोडा.

४७. मग कडेच्या ओल्या रेतीवर या आणि रेतीची पिंड करा. डब्यात ओली रेती दाबून भरा, पालथा घाला, भोवती बोटाने पन्हळ ओढा, वर बेलपान ठेवा. लेकराला तिच्यावर वाटीने पाणी घालू द्या. सकाळी देवळात जे बघितलं ते आता त्याच्या हातात येतं, आणि पाणी घालायचा त्याचा आनंद बघण्यासारखा असतो. ते पाणी तुम्ही आणून द्यायचं. वाटी घेऊन त्याला एकट्याला नदीकडे पाठवायचं नाही, दोन पावलंसुद्धा.

४८. शेवटी पाय भिजवा. दोन्ही हात धरून, पाणी त्याच्या घोट्याच्या वर जाऊ न देता. गुडघ्याएवढं पाणीही या वयाला बुडायला पुरतं, आणि लहान मूल बुडताना ओरडत नाही. डोंगेवाल्याने हाक दिली तरी डोंग्यात बसू नका. लेकराच्या मापाचं लाइफ जॅकेट तिथे मिळायचं नाही, आणि त्याशिवाय हा विषय नको.

४९. ओठ निळसर दिसले, अंगावर काटा आला किंवा हनुवटी थरथरली, तर लगेच बाहेर काढा. काहीच झालं नाही तरी दहा मिनिटांत बाहेर. रडेल; रडू द्या, पंचात गुंडाळून कडेवर घ्या.

५०. अंग आधी पूर्ण सुकू द्या, मग कोरड्या पंचाने रेती झटका. ओल्या अंगावर चोळलीत तर कातडी लाल होते. बोटांच्या बेचक्या, गुडघ्यामागच्या घड्या आणि कानामागची जागा विसरू नका.

५१. लगेच कोरडा जोड आणि पूर्ण बाह्यांचा कपडा घाला.

जेवण आणि परत

५२. नदीपासून वर येऊन सावलीत सतरंजी टाका. जेवताना सगळ्यांचं लक्ष ताटात असतं, म्हणून पाण्याजवळ जेवायचं नाही. बसायच्या आधी मुंग्यांची रांग आहे का बघा.

५३. सगळ्यांनी साबणाने हात धुवा, लेकराचे दोनदा. नखांत रेती असते.

५४. थर्मास उघडा आणि लेकराला आधी भरवा. चमचाभर खिचडी तुमच्या मनगटावर टेकवून बघा, आतली अजून गरम असते. राहिलेली खिचडी परतीला ठेवू नका. भूक लागलीच तर दशमी आहे.

५५. सगळा कचरा, वापरलेले डायपर धरून, घट्ट बांधून गाडीत ठेवा. नदीत काही सोडायचं नाही, घाटावर काही ठेवायचं नाही.

५६. निघताना मोजा: माणसं, पिशव्या, टोपी, पळी. फोन पाण्याच्या माणसाला परत द्या.

५७. साडेबारा-एकला गाडी काढा. दुपारच्या झोपेची वेळ गाडीत गाठायची, हा या बेताचा खरा आधार आहे. सोमनाथचा धबधबा, चंद्रपूरची महाकाली, अंचलेश्वर हे सगळं आज जोडू नका, कुणी कितीही आग्रह केला तरी. महाकाली आपल्याच गावात आहे, तिच्याकडे कुठल्याही साध्या सकाळी जाता येतं. चैत्रातल्या यात्रेचे दिवस तेवढे सोडा.

५८. लेकरू झोपलं की वाटेत थांबू नका. चहासाठी मूलला थांबायचंच असेल तर एक जण गाडीत बसून राहील, काच अर्धी खाली. झोपलेल्या लेकराला बंद गाडीत पाच मिनिटंही एकटं ठेवायचं नाही.

५९. जंगलाचा पट्टा उन्हं असतानाच पार करा. उशीर झालाच तर लेकरासोबत मुक्काम मूलला करा, रात्री त्या रस्त्याला लागू नका. वाटेत काही बिघडलं, लेकराला कुठे लागलं, तर १०८ ला फोन लावा. चामोर्शी आणि मूल दोन्ही ठिकाणी सरकारी दवाखाने आहेत.

घरी आल्यावर

६०. कोमट पाण्याने आंघोळ घाला आणि उजेडात अंग तपासा. काखा, जांघा, मानेची मागची बाजू आणि केसांत बोटं फिरवा. गोचीड चिकटलेली असेल तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा. तेल, रॉकेल लावत बसू नका, पिरगाळू नका.

६१. पुढचे दोन-तीन आठवडे तापाकडे लक्ष ठेवा. गडचिरोलीत मलेरिया आहे. ताप आला, थंडी वाजली, लेकरू मलूल झालं किंवा खाईना, तर घरातलं औषध देऊन वाट बघू नका. त्याच दिवशी दवाखान्यात न्या, ‘आम्ही मार्कंड्याला जाऊन आलो’ हे स्वतःहून सांगा आणि रक्त तपासायला लावा. सरकारी दवाखान्यात ही तपासणी फुकट होते.